कुंपणावरची सही

गोकुळ गुरुवारी आला. दरवर्षी येतो तसाच. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात तुपाचा डबा. माझा धाकटा भाऊ दिवाळी झाली की पिशोरहून मेंढरं घेऊन निघतो आणि गोदाकाठाकडं उतरताना महिनाभर आमच्या शाळेशेजारच्या गायरानात तळ टाकतो. शाळा चितेगावच्या पुढं, पैठण रोडला. आम्ही राहतो मुकुंदवाडीत. एवढं अंतर तो दोन गाड्या बदलून येतो आणि पाणी पिण्याआधी डबा पुढं ठेवतो. बहिणीच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही, हा आमच्या बापाचा हुकूम. बाप जाऊन तीस वर्षं झाली. हुकूम चालू आहे.

या खेपेला डबा ठेवला, चहा झाला, तरी तो बोलेना. मी म्हटलं मालनबाईची तब्येत बरी नसेल. भावजयीला थंडीत दम लागतो.

“आक्का,” शेवटी तो म्हणाला, “गायरानाला तार लागायलीय.”

“कोण लावतंय?”

“बोर्ड उभा केलाय. मला कुठं वाचता येतंय. सोनियानं वाचला.” सोनिया त्याची नात, सातवीत आहे. “ती म्हणली, आबा, ह्याच्यावर तर आक्काआजीचं नाव हाय.”

मी त्याच्या कपात उरलेल्या चहाकडं बघत होते.

“तुला ठाऊक असंल,” तो म्हणाला. विचारलं नाही. नुसतं म्हणाला.

मला काहीच ठाऊक नव्हतं.

“ठाऊक हाय,” मी म्हणाले.

“मग झालं. तू काही इचार करूनच केलं असंल.” त्यानं उरलेला चहा तसाच ठेवून कप बाजूला सारला. “मला फकस्त एवढं सांग, मेंढरं कुठं नेऊ? वरच्या अंगाला कंपन्या झाल्या. खाली सगळा ऊस. चार दिसांपासून दीडशे मेंढरं वढ्यात उभी हायत. सोमवारी व्यापारी येणार हाय. तो म्हणतो, समदी देऊन टाक.”

“समदी?”

“आर्धी ठिवून काय करू? आर्ध्यालाबी उभं राहायला जागा लागती.”

माझा भाऊ साठीचा आहे. आयुष्यात त्यानं मेंढरांशिवाय दुसरं काही केलेलं नाही, आणि मेंढरं गेल्यावर तो काय करील हे मला डोळ्यांपुढं आणता येईना. एखाद्या कंपनीच्या गेटवर शिट्टी घेऊन बसेल. गाड्या वळवील. गाड्यांना मेंढरांएवढी अक्कल नसते.

“मी बघते,” मी म्हणाले.

“बघ,” तो म्हणाला, आणि पाया पडून गेला.

आता सहीचं सांगते. आमच्या मालकांनी, कैलासवासी त्रिंबकरावांनी, बावीस वर्षांपूर्वी चार पत्र्यांच्या खाली शाळा सुरू केली, तेव्हा जमीन माझ्या नावावर होती. म्हणून संस्थेची अध्यक्ष मी. तीन संध्याकाळी बसवून त्यांनी मला सही शिकवली. पूर्ण नाव, आडनाव आणि खाली एक रेघ. तशी मी दुसरी शिकलेली आहे. वाचता येतं. पण अक्षर अक्षर लावावं लागतं, आणि ते दुसऱ्याच्या देखत मला जमत नाही. ज्या बाईच्या शाळेत बाराशे लेकरं शिकतात, तिनं बोट ठेवून वाचायचं, हे मला पटलं नाही. त्यामुळं कागद आला की मी चष्मा लावायची, कागदाकडं योग्य तेवढा वेळ बघायची आणि सही करायची. किती वेळ बघायचं याचा माझा अंदाज पक्का होता. एक पान म्हणजे अर्धा कप चहा. दोन पानं असली तर मध्ये एकदा “हं” म्हणायचं.

या हिशेबानं बावीस वर्षं शाळा चालली आणि चांगली चालली. कुंपणाचा कागद दीड पानाचा असणार. मी “हं” म्हटलं असणार.

*

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती सगळी होती. मुलगा अंगद, शाळेचा सचिव. सून शीला, मुख्याध्यापिका. नातू ऋतुराज, जो पुण्याहून मोठं शिक्षण घेऊन आला आणि आल्यापासून शाळेचे सामाजिक उपक्रम बघतो. आणि लेक सरिता, जी दोन गल्ल्या पलीकडं राहते आणि मामा येऊन गेला हे कळायच्या आत पोचते.

“गायरानाचं काय आहे?” मी विचारलं.

ऋतुराजचा चेहरा उजळला. त्याला उपक्रमांबद्दल कुणी विचारत नाही. “हरित गायरान, आजी. पाचशे झाडं. ग्रामपंचायतीचा ठराव झालाय. आपण दहा वर्षं सांभाळायचं. शनिवारी पुण्याची समिती येतेय, सामाजिक बांधिलकीच्या पुरस्कारासाठी. त्यांच्यासमोर ताबापत्रावर तुझी सही, मग ब्लँकेटवाटप. दोन उपक्रम एकाच दिवशी.”

“ब्लँकेटं कुणाला?”

“भटक्या मेंढपाळ कुटुंबांना. बेघर आहेत बिचारे. ओढ्यात राहतात, थंडीत.”

“ओढ्यात कधीपास्नं राहतात?”

“या आठवड्यापासून दिसतायत,” ऋतुराज म्हणाला.

शीलानं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

“त्यांच्यात तुझ्या बापाचा मामा हाय,” मी म्हणाले.

पोराला लगेच समजलं नाही. त्यानं गोकुळला बघितलेलं आहे, पण दिवाणखान्यात, तुपाच्या डब्यासकट. मेंढरांसकट कधी बघितलेलं नाही. ती चूक त्याची नाही. त्याला मेंढरं दिसू नयेत म्हणून त्याच्या आजानं शाळा काढली होती.

अंगदनं हात धुतला. अंगदच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकते. मी त्याला जन्म दिलाय, आणि शिवाय तो विचार करताना ओठ हलवतो. त्याला पाहुण्यांसमोर आपल्याला कुणी मेंढपाळाचं म्हणू नये असं वाटतं, आणि असं वाटतं याची त्याला लाजही वाटते. दोन्हींतून वाट काढायला तो नेहमी कागद पुढं करतो.

“माय, अर्ज तूच केलास,” तो म्हणाला. त्यानं फाइल मागवली. “ही बघ सही.”

सही माझीच होती. रेघसुद्धा होती.

“माझी हाय.”

“मग आता नाही म्हणायला कारण काय सांगायचं? समितीला काय सांगायचं, अध्यक्षांनी काय वाचलं होतं?”

मी चष्मा काढून पुसला.

“कारण कशाला लागतं?” सरिता म्हणाली. “मामाची मेंढरं कापायला चाललीत. तार काढा म्हणजे झालं. दादा, तू लहानपणी सुट्टीत महिना महिना त्यांच्या तळावर राहिलास. पिशोरच्या यात्रेत मामाच्या खांद्यावर कोण बसायचं?”

“तारेवर तुझ्या नवऱ्याच्या कंपनीचं नाव आहे, सरिता,” अंगद म्हणाला. “त्यांच्याच निधीतून आलीय. भावजींनीच मंजूर करून दिली. त्यांचा फोटो लागणार आहे.”

सरितानं वाटीतली आमटी ढवळली.

“झाडंही काही वाईट नसतात,” ती म्हणाली.

एका वाटीच्या आत माझी लेक या बाजूची त्या बाजूला गेली. मला राग आला नाही. मीही सकाळी दोन शब्दांत गेले होते.

अंगदनं मग तोडगा काढला. तोडगे काढण्यात तो बापावर गेलाय. “एक करता येईल. ऋतुराजनं चुकीचा कागद पुढं ठेवला असं म्हणू. झाडांचा अर्ज शाळेच्या आवारासाठी होता, गायरान चुकून पडलं. आई अंधारात होती. आईची इज्जत राहते, मामाची जागा राहते.”

“आणि माझं?” ऋतुराजनं विचारलं.

“तू तेवीस वर्षांचा आहेस,” अंगद म्हणाला. “तुझं परत येईल.”

पोरानं माझ्याकडं बघितलं. त्यानं मला तो कागद वाचून दाखवायची तयारी दाखवली होती, हे मला तेव्हा आठवलं. ‘आजी, समजावून सांगू का?’ असं म्हणाला होता. मी त्याला म्हटलं होतं, ‘तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी कागद बघते.’

“बघू शनिवारी,” मी म्हणाले, आणि ताटावरून उठले.

*

शुक्रवारी ऋतुराज ब्लँकेटांची यादी करायला ओढ्यात गेला. सरिताला बरोबर नेलं, कारण त्याला एकट्याला जायची लाज वाटत होती. पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोघांचं जुळतं तेवढं इथं देते.

ओढ्यात पाणी नव्हतं, नुसता गाळ आणि वेड्या बाभळी. मेंढरं एकमेकींना चिकटून उभी होती. मालनबाईनं तीन दगडांवर चहा ठेवला आणि सरिताला विचारलं, “माय, नवरा बरा हाय ना?” सरिता बरा आहे म्हणाली आणि बाभळीकडं बघत बसली.

ऋतुराजनं वही काढली. “आजी, कुटुंबात किती माणसं? पांघरायला काय आहे?”

मालनबाईनं घोंगडं दाखवलं. “हे हाय. घरच्या लोकरीचं. पाऊस आला तर पाणी वरच्या वर जातं. ठिणगी पडली तर तिथल्या तिथं इझती. तुमचं ते मऊ मऊ असतं का?”

“हो.”

“त्याला काटे लई चिकटतात. मागं एका साहेबानं दिलं होतं. कुत्र्याला टाकलं, तेबी निजना.”

पोरानं वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

“मग तुम्हाला काय गरज आहे?” त्यानं विचारलं. पुण्यात त्याला शिकवलं होतं म्हणे, की आधी गरज विचारायची. तो विचारायचा, पण काय द्यायचं ते ठरल्यानंतर.

सोनिया कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. “तार काढा,” ती म्हणाली.

गोकुळ तिला ओरडला. “गप. आक्कानं केलंय ते. तिचं काही असंल.” मग तो ऋतुराजला म्हणाला, “तुमची झाडं बघितली मी, नातू. खड्डे मुरमात घेतलेत. जगायची नायत. तिथं आधी दोन वर्सं मेंढरं बसवा लागतात. लेंड्या मुतानं माती धरती, मग झाड धरतं. आमी दुसऱ्याच्या शेतात तेच तर करतो. तुमाला कुणी सांगितलं नाय का?”

“तज्ज्ञ आले होते,” ऋतुराज म्हणाला.

“असं का,” गोकुळ म्हणाला. त्यानं तो विषय तिथंच सोडला. माझ्या भावाला तज्ज्ञांबद्दल आदर आहे.

निघताना ऋतुराज त्याच्या पाया पडला. सरिता म्हणते, तिनं खूण केली म्हणून पडला. ऋतुराज म्हणतो, आपणहून पडलो. इथं त्यांचं जुळत नाही.

*

शुक्रवारीच दिवेलागणीला शीला माझ्या खोलीत आली. शीला माझ्या खोलीत येत नाही. एकोणतीस वर्षांत आमचं जे काही बोलणं झालं ते स्वयंपाकघरात झालं, आणि त्यातलं निम्मं भांड्यांनी केलं. ती शिकलेली आली, मी तिला ते कधी माफ केलं नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तिलाही.

ती खुर्ची असताना पलंगावर बसली.

“आत्याबाई, दोन वर्षांपूर्वी बसच्या परवानगीचा कागद मी तुमच्याकडं आणला होता. आठवतं?”

“कागद लई येतात.”

“मी घाईत होते. तुमच्यासमोर उलटा ठेवला. डोकं खाली, पाय वर.” ती साडीच्या काठाकडं बघत होती. “तुम्ही चष्मा लावला. बघितलंत. मग सही केलीत. उलट्या कागदावर, सुलटी.”

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. आम्ही दोघींनी तो नीट ऐकून घेतला.

“मग काय केलंस?”

“परत छापला. दुसऱ्या दिवशी सुलटा आणला. तुम्ही पुन्हा केलीत.”

“अंगदला सांगितलंस?”

“नाही.”

“कामून?”

शीलाला उत्तर शोधावं लागलं नाही. ते तिच्याजवळ दोन वर्षं तयार असणार. “मी नवीन आले तेव्हा माझी पहिली भाकरी तव्यावरच तीन तुकडे झाली होती. तुम्ही ती स्वतःच्या ताटात घेतलीत आणि मामंजींना म्हणालात, मला आज तुकडेच खावे वाटले.”

मला हे आठवत नव्हतं. तरी मी केलं असेन. मी पुढं त्या भाकरीवरून तिला बरीच वर्षं बोलत होते, हेही खरं आहे.

“उद्या तुम्ही ऋतुराजवर ढकललंत,” ती म्हणाली, “तर मी समितीसमोर काही बोलणार नाही. मी त्याची आई आहे, पण मुख्याध्यापिकाही आहे. तमाशा करणार नाही. फक्त गोकुळमामांना तुम्ही ठाऊक आहे म्हणालात. ते तेवढंच धरून बसलेत. ओढ्यात त्यांनी सोनियाला गप्प केलं. सरिताताई सांगत होत्या.”

ती उठली. दारातून म्हणाली, “ताबापत्र तीन पानांचं आहे. आणू का?”

“आण.”

तिनं आणलं आणि टेबलावर ठेवलं. सुलटं.

मी दार लावून बसले. जेवायला हाक येईपर्यंत माझं अर्धं पान झालं होतं. मग कंटाळा आला म्हणून नाही, भीती वाटली म्हणून ठेवून दिलं.

*

शनिवारी मैदानात मांडव घातला होता. व्यासपीठावर मी, अंगद, सरपंच, जावईबापू आणि पुण्याच्या समितीच्या सुकेशनी मॅडम. मॅडम बारीक, कॉटनची साडी, मांडीवर वही. त्या हसत नव्हत्या, त्यामुळं मला बऱ्या वाटल्या. समोर सतरंजीवर लेकरं, पहिली-दुसरीची पुढं. बाजूला पन्नास खुर्च्यांवर लाभार्थी. पहिल्या खुर्चीवर गोकुळ. त्याला कुणीतरी छातीवर एक नंबर लावला होता.

ऋतुराजनं माइकवर हरित गायरानाची माहिती दिली. आवाज बसलेला होता. आपल्यावर काय येणार आहे हे त्याला माहीत होतं, तरी शर्ट इस्त्रीचा घातला होता. मग अंगदनं ताबापत्र माझ्यासमोर ठेवलं आणि हळूच म्हणाला, “आई, दोन वाक्यं. चुकीचा कागद, मुलाची नजरचूक. मग मी सांभाळतो.”

त्यानं माइक माझ्याकडं वळवला.

मी चष्मा लावला. सवयीनं कागदाकडं बघायला लागले. अर्धा कप झाला असेल. तेवढ्यात बाजूच्या रांगेत हालचाल झाली. गोकुळ उठून येत होता. त्याला वाटलं, आता ब्लँकेटाची वेळ झाली. पायऱ्या चढून तो माझ्यासमोर उभा राहिला, खांद्यावरचं घोंगडं काढलं, घडी नीट केली आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

“तुझ्यापास्नं घ्यायचंय ना,” तो म्हणाला. “रिकाम्या हातानं कसं घेऊ?”

माइक चालू होता. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

घोंगड्याला मेंढरांचा वास येत होता. सातव्या वर्षी मी शाळेतून घरी आले, तेव्हा बापानं हे असंच घोंगडं माझ्या खांद्यावर टाकलं होतं आणि म्हणाला होता, उद्यापासून कळपाबरोबर. गोकुळ तेव्हा कडेवर होता.

“हा माझा भाऊ आहे,” मी माइकमध्ये म्हणाले. “नंबर काढा त्याचा.”

कुणीतरी पळत येऊन काढला.

“मी या शाळेची अध्यक्ष. बावीस वर्षं सह्या करते. त्यांतला एकही कागद मी वाचलेला नाही.” अंगदचे ओठ हलायला लागले. मी त्याच्याकडं बघितलं नाही. “मला वाचता येतं. पण वेळ लागतो. तो वेळ लागताना कुणी बघू नये म्हणून मी वाचत नव्हते. गायरानाच्या अर्जावर सही माझी आहे. माझ्या नातवानं समजावून सांगू का म्हणून विचारलं होतं, मी नको म्हटलं. गुरुवारी या भावानं विचारलं, तर ठाऊक आहे म्हटलं. मला ठाऊक नव्हतं. आता वाचते. मग सांगते.”

आणि मी बोट ठेवलं.

“ता-बा-प-त्र,” मी वाचलं.

पहिलं पान संपायला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. नंतर शीला म्हणाली, बारा मिनिटं. जावईबापूंनी दोनदा घड्याळ बघितलं. सरपंच मोबाइल बघत होते. सरिता मागं उभी राहून रडत होती की काय कोण जाणे, तिला सर्दीही असते. मी एका शब्दाला अडले. ‘प्रतिबंधित’. प्र झाला, ति झाला, पुढं गाडी सरकेना. पुढच्या रांगेतून उठून माझ्या खुर्चीजवळ आलेलं एक दुसरीचं लेकरू कागदात डोकावून म्हणालं, “बं.” त्याच्या शेजारची म्हणाली, “धि.” मग चार-पाच जणांनी मिळून तो शब्द पार केला. आमची इंग्लिश शाळा आहे. मराठी वाचायला त्यांनाही माझ्याएवढाच वेळ लागतो. मैदानात तेवढीच हसत नव्हती.

तिसऱ्या पानावर होतं ते: सदर क्षेत्रात गुरेचराई व मेंढपाळांचा मुक्काम दहा वर्षे प्रतिबंधित राहील.

ते मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा भराभर.

“हे मला कबूल नाही,” मी म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.

टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. सरपंच म्हणाले, अध्यक्षांची सही नाही तर ताबा नाही, ताबा नाही तर तार नाही, आणि आपल्याला दुसरा एक कार्यक्रम आहे. जावईबापू त्यांच्याबरोबरच उठले. अंगद खुर्चीत बसून होता. मग त्यानं उठून गोकुळसाठी स्वतःची खुर्ची सरकवली. “बसा, मामा,” तो म्हणाला, आणि व्यासपीठावर उभाच राहिला, पाहुण्यांसमोर, सगळा वेळ.

गोकुळ बसला. माझ्याकडं वाकून म्हणाला, “मला तेच कळंना झालतं. आक्कानं वाचून केलं कसं.”

“वाचलं नव्हतं.”

“मग ठीक हाय,” तो म्हणाला. गुरुवारीही तो असंच ‘मग झालं’ म्हणाला होता. या वेळी त्यानं समोर ठेवलेला चहा शेवटपर्यंत घेतला.

सुकेशनी मॅडमनी वही उघडली. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गोकुळकडं, आणि शीलाला विचारलं, “वृक्षारोपण तर रद्द झालं. मग आज जे झालं, ते मी कुठल्या उपक्रमाखाली लिहू?”

शीलानं क्षणभरही विचार केला नाही.

“प्रौढ शिक्षण,” ती म्हणाली.

मॅडमनी लिहून घेतलं.

*

पुरस्कार नाशिकच्या कुठल्याशा शाळेला मिळाला. सरिताच्या नवऱ्यानं महिनाभर आमच्याकडं चहा घेतला नाही, आणि सरिता रोज येऊन त्याच्या वाटचा घेऊन गेली. ब्लँकेटं मालनबाईनं नेली. कोकरांच्या खाली अंथरली. त्यांची काही तक्रार नव्हती. ऋतुराज आता मुरमात मेंढरं किती दिवस बसवायची ते वहीत लिहून घेतो आणि गोकुळ त्याला तज्ज्ञ म्हणतो. तो चेष्टेनं म्हणत नाही, हेच वाईट आहे.

पण ते पुढचं. सोमवारी सकाळी व्यापारी आला, तेव्हा ओढा रिकामा होता; मेंढरं गायरानात चरत होती. त्याच वेळी इकडं अंगद अर्ज मागं घ्यायचा कागद घेऊन माझ्या खोलीत आला. कारकून बाहेर मोटारसायकल चालू ठेवून उभा होता. पंचायतीचं ऑफिस साडेदहाला उघडतं, आणि ग्रामसेवक अकराला निघून जातो.

“माय, तू म्हणलीस तसंच लिहिलंय,” अंगद म्हणाला. “दीड पान आहे. फक्त खाली सही.”

मी चष्मा लावला आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

“माय, तो थांबलाय.”

“त्याला गाडी बंद करायला सांग,” मी म्हणाले. “अन् तू बस.”